टॉवेलाखालची खुर्ची

मित्रांनो, आधी माझ्याकडे नीट बघा, मग ऐका. समुद्राकडे तोंड करून, पुढच्या रांगेत डावीकडून तिसरी, तांबूस लाकडाची, उजव्या हातावर बोटभर खाच असलेली जी आरामखुर्ची दिसते, ती मी. माझ्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या बसल्यात त्या प्लास्टिकच्या. त्यांचं-माझं काही नातं नाही. त्या साच्यातून पडल्या, मला घडवली. हा फरक ज्याला कळत नसेल त्यानं उभंच राहावं.

हे हॉटेल बांधून होत होतं तेव्हा माझा जन्म झाला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये, एक सुतार आणि त्याची बायको असे दोघंच काम करायचे. चाळीस खुर्च्यांचं काम होतं. लाकूड त्याचं, कापड तिचं. तो रंध्यानं पट्ट्या तासायचा आणि काचकागदानं इतक्या घासायचा, की गालावरून फिरवली तरी ओरखडा उठू नये. ती जाड कॅनव्हास मांडीवर घेऊन दाभणानं शिवायची, दोऱ्याला आधी मेण लावून. ती डावखुरी होती, म्हणून तिचा टाका उलट्या बाजूला झुकायचा. सुतार चिडवायचा, "अख्ख्या गावाचे टाके एकीकडे, तुझे तेवढे माहेराकडे." ती दाभण न थांबवता म्हणायची, "माहेराकडे झुकलेत म्हणून टिकलेत. तुमच्याकडे झुकले असते तर केव्हाच उसवले असते."

माझ्या हातावरची खाच असल्याच एका उत्तरानं पडली. सुतार हसला आणि पटाशी निसटली. तो ती पट्टी बदलायला निघाला होता. तिनं बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "राहू द्या. बोट ठेवायला जागा झाली." तेवढ्यावर माझा जीव वाचला.

खुर्ची पुरी झाली की सुतार तिच्यात धपकन अंग टाकायचा, सगळ्या वजनानिशी. मग उठून म्हणायचा, "ही पाडणार नाही." त्याचा सगळा अभिमान त्या तीन शब्दांत होता. तो म्हणायचा, माणूस दमतो तेव्हा बसतो. त्यालाही खुर्चीनं पाडलं तर मग त्यानं जायचं कुठं? आम्ही चाळीस बहिणी हे ऐकत ऐकत वाढलो.

आम्हाला टेम्पोत घालून इथं आणलं ते मागच्या दारानं. खुर्च्या समुद्रासमोर मांडल्यावर कशा दिसतात ते दोघांना एकदा बघायचं होतं. वॉचमननं हात आडवा केला. सामान मागच्या दारानं, माणसं पुढच्या दारानं, असा तिथला नियम होता, आणि ही दोघं सामानाबरोबर आलेली. सुतारानं वाद घातला नाही. बायकोला एवढंच म्हणाला, "कधीतरी पुढच्या दारानं येऊ. तू हिच्यात बस, मी शेजारच्या." ती म्हणाली, मला काय दुसरे उद्योग नाहीत? पण तिचं बोट माझ्या खाचेतून लवकर निघालं नाही. ते मला कळलं, त्याला कळलं की नाही कोण जाणे.

नंतरची वर्षं माझी मानाची. तेव्हाचे मोठे मालक स्वतः फडकं घेऊन आम्हाला तेल लावायचे. पाहुणे यायचे, अंग टाकायचे, डोळे मिटायचे. एक डॉक्टर दर वर्षी माझ्यात दोन तास घोरायचा आणि उठताना माझ्या हातावर थोपटून जायचा. अशा खुर्च्या आता होत नाहीत, असं लोक म्हणायचे. मला ऐकू येतंय हे त्यांना माहीत नसायचं, म्हणून ते खरं धरायला हरकत नाही. खाऱ्या हवेनं कॅनव्हास कुजायचा. तीनदा नवा आला, तीनदाही माहेराकडे झुकलेले टाके घेऊन. चौथ्या वेळी आलाच नाही. टेम्पोवाला म्हणाला, सुतार गेला, शेड बंद झाली.

इकडे मोठे मालकही गेले. मुलांनी हॉटेल वाढवलं. तीन मजल्यांचे नऊ झाले, मागं आणखी एक इमारत उठली. माणसं चौपट झाली, समुद्र तेवढाच राहिला आणि पुढच्या रांगेतल्या खुर्च्याही तेवढ्याच. माझ्या बहिणी एकेक करत मोडल्या. कुणी त्यांना दुरुस्त केलं नाही. पाहुण्यांना वाळूत शेकोटी हवी असायची, तीत त्या गेल्या. मला ठेवलं ते प्रेमानं नव्हे. मी फोटोत बरी दिसते म्हणून ठेवलं. हॉटेलच्या जाहिरातीत जी रिकामी खुर्ची आणि पुढं निळं पाणी दिसतं, ती खुर्ची मीच. फोटोपुरती मला रिकामी करतात.

माझ्या अंगावर मग निळं नायलॉन चढवलं. चढवणारा आळशी होता. जुना कॅनव्हास त्यानं ब्लेडनं कापला, पण वरच्या पट्टीखालचे खिळे काढायचा कंटाळा केला. त्यामुळे तिथं चार बोटं रुंद जुनी किनार तशीच राहिली, तिच्या टाक्यांसकट. माझ्या अंगावर माहेरचं म्हणून तेवढंच उरलं.

आता टॉवेलाचं सांगते. हॉटेल प्रत्येक खोलीला भगव्या रंगाचे मोठे टॉवेल देतं, कोपऱ्यावर खोलीचा नंबर विणलेला. उजाडायच्या आत लोक येतात, खुर्चीवर टॉवेल पसरतात आणि पुन्हा झोपायला जातात. मग दिवसभर ती खुर्ची त्यांची. नियम कुठं लिहिलेला नाही, पण लिहिलेल्या नियमांपेक्षा तो जास्त पाळला जातो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, इथं नागोबासुद्धा येत नाही, नुसती कात टाकून जातो. त्या हंगामात माझ्यावर पुढच्या इमारतीतल्या एका सोनेरी चष्मेवाल्याचा टॉवेल असायचा. तो चार वाजता यायचा, दहा मिनिटं बसायचा, स्वतःचा फोटो काढायचा आणि जायचा. बाकी सारा दिवस मी रिकामी असून भरलेली. ज्या खुर्चीला दमलेल्या माणसाला बसवण्यासाठी जन्म दिला, तिच्यावर ओला कपडा वाळत पडावा, याहून वाईट काय?

त्यातच माझ्या डाव्या बाजूची मशिनची शिवण वीतभर उसवली होती. प्रत्येक बसणाऱ्याला मी जीव मुठीत धरून पेलत होते.

अशात एका दुपारी माझ्या मागच्या पट्टीवर एक हात येऊन टेकला. डावा हात. हाडं वर आलेली, अंगठ्याच्या पेराला दाभणाचा जुना घट्टा. मला बघावं लागलं नाही.

ती म्हातारी झाली होती, पण मान ताठ. बरोबर मुलगा, सून आणि नऊएक वर्षांची नात. पोरीच्या बडबडीतून मला सगळं कळलं. मुलानं आईला घेऊन कुठंतरी जायचं ठरवलं, पाचसहा हॉटेलांचे फोटो दाखवले, आणि आजीनं एका फोटोवर बोट टेकवून सांगितलं, हेच. का, ते सांगितलं नाही. तिनं आयुष्यात कशाचं कारण कधी कुणाला दिलंय? ती इथं समुद्रासाठी आली नव्हती. माझ्यात एकदा बसायला आली होती, पुढच्या दारानं. हे तिला माहीत होतं आणि आता मला.

पण दुरून डोंगर साजरे, तसं दुरून हॉटेल साजरं. समुद्रासमोरची खोली सांगून त्यांना मागच्या इमारतीत टाकलं होतं. खिडकीबाहेर धुलाईखान्याची धुरांडी, गरम वाफ आणि साबणाचा वास. काउंटरवरच्या माणसानं सांगितलं, गॅलरीतून डावीकडे वाकलं की समुद्र दिसतो. म्हातारीनं त्याला विचारलं, "मग वाकलेल्या माणसाला धरायला कोण येणार, तुम्ही?" नाश्त्याला रांग, लिफ्टला रांग, त्यातली एक लिफ्ट बंद. मनगटाला कागदी पट्टे बांधलेले, ते दाखवल्याशिवाय किनाऱ्यावर सोडत नव्हते. मुलगा शरमला होता आणि शरमलेला माणूस चिडतो, तसा सगळ्यांवर चिडत होता. सून दमलेली. म्हातारी म्हणाली, "फोटोत समुद्र होता. खोलीत समुद्राचा फोटो आहे. फसवलं कुठं?" नात हसली. मुलगा हसला नाही.

आणि मी टॉवेलाखाली.

टॉवेल देणारी बाई तिथंच टपरीत बसते. म्हातारीला माझ्याजवळ उभी बघून ती म्हणाली, मावशी, त्यावर टॉवेल आहे. म्हातारीनं तिच्याकडे वळून शांतपणे विचारलं, "टॉवेलाचे गुडघे दुखतात का?"

"नियम आहे, मावशी."

"माणूस उभा आणि फडकं बसलेलं. चांगला नियम आहे."

नात टॉवेल ओढायला पुढं झाली. म्हातारीनं तिचा हात धरला. दुसऱ्याची वस्तू उचलून बसायची आपल्या घरची रीत नाही, असं सांगितलं. मुलगा जाऊन त्या चष्मेवाल्याला शोधून आला. तो म्हणाला, लवकर यायचं होतं. मुलगा मान खाली घालून परत आला. खरं तर तिनं एकदाच तोंड उघडायचं होतं. ही खुर्ची माझ्या नवऱ्यानं केली, मी शिवली, मला दोन मिनिटं बसू द्या, इतकंच. टपरीतल्या बाईनंसुद्धा टॉवेल सरकवला असता. पण ती सांगेल कशाला? आपल्याच हातच्या वस्तूसाठी हात पसरायचा, त्यापेक्षा ती उभी राहिली. मी तिला दोष देत नाही. मी तिच्याच हाताखालची आहे.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी सातला आली. पुन्हा टॉवेल. ती तासभर माझी पट्टी धरून उभी होती, एकेका गुडघ्यावर भार देत. सगळे जरा पांगले, तेव्हा तिची बोटं पट्टीखाली गेली आणि त्या जुन्या किनारीला लागली. थांबली. एकेक टाका चाचपत शेवटपर्यंत गेली. मग खाचेत बोट ठेवून, ओठ न हलवल्यासारखं, ती म्हणाली, "आले बघा. पुढच्या दारानं."

माझ्या लाकडाला पाझर फुटत नाही. फुटत असता तर त्या दिवशी फुटला असता.

मग तिची नजर उसवलेल्या शिवणीवर गेली. टपरीतल्या बाईला तिनं ते दाखवलं. लिहून घेते, असं ती म्हणाली, आणि काही लिहिलं नाही. तेवढ्यात सून न्यायला आली, नाश्त्याची रांग लागलीय म्हणून. म्हातारीच्या तोंडात दोन दिवसांचा कडवटपणा साचला होता, तो त्या बिचारीवर सांडला. "उशिरा उठणाऱ्यांच्या घराला खुर्ची कुठून मिळायची, सूनबाई? चला, रांगेत तरी नंबर लावू." सुनेनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मी फोटोतली तीच खुर्ची आहे हे तिला कळलं असावं. सासूला नेमकी हीच का हवी, ते कळलं नव्हतं. तरी तिनं मनाशी काहीतरी बांधलं.

तिसरा दिवस परतीचा. दहाच्या आत खोली सोडायची होती. अजून झुंजूमुंजू होतं, चष्मेवाला यायचा होता, आणि वाळूवरून कुणीतरी भराभर चालत आलं. सून होती. तिनं माझ्यावर टॉवेल पसरला, चारी बाजूंनी सारखा केला, वाऱ्यानं उडू नये म्हणून नंबराचा कोपरा आत खोचला आणि हात झटकले. चेहऱ्यावर काय समाधान होतं. मग बॅगा भरायला निघून गेली. सासूला तिनं सांगितलं नव्हतं. नाश्ता झाला की हाताला धरून आणायचं आणि न बोलता बसवायचं, असा तिचा बेत. बोलून केलेली गोष्ट त्या दोघींमध्ये टोमणा झाल्याशिवाय राहत नसे, म्हणून न बोलता.

मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी टॉवेलाचा मला आनंद झाला, मित्रांनो.

आणि सातला म्हातारी आली. पाय मोकळे करायला जाते असं सांगून एकटीच आली होती. तिनं दुरूनच टॉवेल पाहिला. तिची चाल एकदम मंद झाली. सगळे टॉवेल सारखे, भगवे. नंबर आत खोचलेला. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि टॉवेलाला म्हणाली, "बरं आहे ना? झोप लागते ना छान?"

अगं बाई, तुझाच आहे तो! उचल आणि बस. मी ओरडत होते. पण खुर्ची ओरडली तर फार तर करकरते, आणि करकरणाऱ्या खुर्चीकडे लोक जुनी म्हणून बघतात.

मग तिनं पिशवीतून सुई-दोरा काढला. चष्मा खोलीत राहिला होता, पण या कामाला तिला डोळे लागत नाहीत. ती एका गुडघ्यावर टेकली. त्या गुडघ्यानं काय सोसलं असेल ते तोच जाणे. टॉवेलाची कड तिनं दोन बोटांनी वर धरली, त्याला शक्यतो न लागता, आणि उसवलेली शिवण शिवायला घेतली. सात टाके. दुहेरी दोरा, उलटे झुकलेले. टपरीतली बाई विचारायला आली, अहो मावशी, तुम्ही कशाला? तर म्हातारी दातांनी दोरा तोडत म्हणाली, "बसणारा कुणी का असेना. या खुर्चीनं त्याला पाडलं असं व्हायला नको."

उठताना तिनं माझाच आधार घेतला. खाचेत बोट ठेवलं, काढलं. मागं वळून पाहिलं नाही.

पुढचं मला नंतर सून आणि नातीच्या बोलण्यातून कळलं. म्हातारी तिथून सरळ काउंटरवर गेली. मुलगा बिल भागवायच्या रांगेत होता. तिनं मनगट पुढं केलं आणि म्हणाली, कापा बाबा एकदाचं. पट्टा कापला आणि ती बाहेर जाऊन पायरीवर बसली. पुढच्या दाराच्या पायरीवर. सून वर बॅगा भरत होती, सासू नाश्त्याला गेली असेल असं धरून. साडेनऊला खाली आली तेव्हा सासू गाडीत बसली होती. गेटवरच्या माणसाला सुनेनं विनवलं, सासूबाईंना पाच मिनिटं आत सोडा. तो म्हणाला, पट्टा नसेल तर नाही.

टॉवेल परत दिल्याशिवाय खोली सुटत नव्हती, म्हणून सून आणि नात माझ्याकडे आल्या. सुनेनं टॉवेल उचलला. नातीनं बोट दाखवलं. "आई, हे आजीचे टाके. माझ्या दप्तराला असेच आहेत."

सुनेला कळायला वेळ लागला नाही. सासू येऊन गेली, उभी राहिली, गुडघा टेकला, शिवलं, आणि आपल्याच टॉवेलाला परक्याचा समजून निघून गेली. ती टॉवेल छातीशी धरून तशीच उभी राहिली. तेवढ्यात सोनेरी चष्मेवाला आला. "तुमचं झालं ना?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता आपला टॉवेल माझ्यावर टाकला.

"आजीला सांगू?" नातीनं विचारलं.

"नाही," सून म्हणाली. "परक्याची म्हणून शिवली त्यांनी. तेवढा तरी मान त्यांचा राहू दे."

मला हे पटलं नाही. तिनं गाडीत बसल्याबरोबर सांगायला हवं होतं. म्हातारी म्हणाली असती, एवढ्या सकाळी उठता येतं म्हणजे! दोन दिवस बोलली नसती. आणि मग तो टॉवेल जन्मभर मनात घडी घालून ठेवला असता. पण खुर्चीला विचारतो कोण? एकीनं माझी म्हणून मागितली नाही, दुसरीनं तुमच्यासाठी म्हणून सांगितलं नाही, आणि मी दोघींच्या मधे रिकामी पडून राहिले.

तर मित्रांनो, माझं मागणं फार नाही. मला तेल लावा असं मी म्हणत नाही, ते दिवस गेले. बसायचं असेल तर बसा, नसेल तर उठा. पण बसत नसलेल्या जागेवर आपलं फडकं टाकून ठेवू नका. तुमच्या मागं कोण उभं आहे आणि कशासाठी आलंय, ते तुम्हाला माहीत नसतं. दुसरं असं की, कुणासाठी चांगलं केलंत तर तोंडानं सांगा. टोमणा येईल. येऊ द्या. टोमण्यानं कुणी मरत नाही.

त्या दिवशी चार वाजता चष्मेवाला आला आणि माझ्यात धपकन अंग टाकलं. खोटं कशाला बोलू? मनात आलं, पाडावा याला. शिवण पूर्वीसारखी असती तर मी पाडलाही असता. पण डाव्या बाजूचे ते सात टाके ताणले गेले आणि तिथंच घट्ट राहिले. त्यांनी मला पाडू दिलं नाही.